आज काय वाळले?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने या वेळी एकच अट घातली : विषय वैद्यकीय नको. आपल्यापैकी कोणी गातात, कोणी नाटकांत कामे करतात, कोणी दर वर्षी हिमालयात जाऊन येतात. त्यांनी त्याविषयी लिहावे, असा आग्रह होता. मी भूलतज्ज्ञ. पस्तीस वर्षे शस्त्रक्रियेच्या टेबलाशी, रुग्णाच्या उशाकडच्या बाजूस बसण्यात गेली. रविवारची सकाळ मात्र मी प्रथमपासून तैलरंगांसाठी राखून ठेवली होती. हे ठाऊक असलेले स्नेही भेटले की हमखास विचारतात, "एक चित्र पुरे व्हायला किती दिवस लागतात हो?" या प्रश्नाचे सरळ उत्तर मला कधीच देता आलेले नाही. म्हणून येथे एकाच चित्राची हकीकत सांगतो. ते चित्र मी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू केले आणि त्यावर शेवटचा हात फिरवला फेब्रुवारी २०२५ मध्ये. या सव्वादोन वर्षांत प्रत्यक्ष कुंचला हाती धरलेले तास मोजले, तर ते साठ-सत्तरांच्या वर जाणार नाहीत. उरलेला बहुतेक काळ चित्र वाळत होते.

इंदूरच्या माणसाने तैलरंगांविषयी लिहावयाचे आणि दत्तात्रय दामोदर देवळालीकरांचे नाव घ्यावयाचे नाही, हे शक्य नाही. होळकर संस्थानाच्या आश्रयाने १९२७ मध्ये येथे चित्रकलेचे विद्यालय सुरू झाले, आणि ते उभे केले देवळालीकरांनी. नारायण श्रीधर बेंद्रे (जन्म इंदूरचा, १९१०), देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णू चिंचाळकर आणि पंढरपुरास जन्मून बालपणीच इंदूरला आलेले मकबूल फिदा हुसेन ही सारी त्यांच्या हाताखालची माणसे. एका मध्यम आकाराच्या संस्थानी शहरातून, एकाच शिक्षकाच्या वर्गातून इतक्या भिन्न वृत्तीचे चित्रकार निघावेत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. हुसेन यांचा वेग सर्वांना ठाऊक आहे. त्याच परंपरेतले बेंद्रे उतारवयात बिंदूला बिंदू जोडीत, सावकाश चित्र उभारत राहिले. चिंचाळकर गुरुजींनी तर पुढे रंगच बाजूला ठेवले आणि वाळकी पाने, लाकडाचे ढलपे, मोडक्या वस्तू यांतून चित्रे शोधली. ज्यांना मी १९९० च्या दशकात दर रविवारी सायकल मारीत शिकावयास जात असे, ते माझे शिक्षक याच परंपरेतले होते. ते बोलत फार कमी. परंतु त्यांचा एक नियम मात्र ते प्रत्येक वेळी सांगत : वरचा थर खालच्या थरापेक्षा स्निग्ध हवा, आणि खालचा थर वाळल्यावाचून वरच्याला हात लावू नये.

हा नियम का, हे समजण्यास आपणां डॉक्टरांना वेळ लागू नये. तैलरंगात रंगाची भुकटी जवसाच्या तेलात घोटलेली असते. आपण माळव्यात जिला अलसी म्हणतो, आणि ओमेगा-३ साठी जी हल्ली आपले निम्मे रुग्ण सकाळी चमचाभर चावून खातात, तीच ही जवस. तिच्या तेलात तीन दुहेरी बंध असलेले लिनोलेनिक आम्ल साधारण निम्मे असते. त्या दुहेरी बंधांपाशी हवेतील प्राणवायू जोडला जातो, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि द्रव तेलाचे घट्ट पटल तयार होते. म्हणजे पाणी उडून जलरंग वाळतो, तसे तेल उडून तैलरंग वाळत नाही. तो हवेतून काहीतरी घेऊन वाळतो, आणि या काळात त्याचे वजन चक्क वाढते. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल वर्षभर ठेवले तरी असे पटल धरणार नाही. त्यांत हे बंध पुरेसे नाहीत.

पटल धरते ते मात्र वरून. वरचा पृष्ठभाग बोटाला कोरडा लागतो आणि आतला भाग ओलाच असतो. अशा थरावर कमी तेलाचा, चटकन वाळणारा रंग चढविला, तर वरचा आधी घट्ट होतो, खालचा नंतर आकसतो, आणि चित्राला भेगा पडतात. आत पू असताना वरून त्वचा शिवून टाकलेली जखम आपण सर्वांनी पाहिली आहे. त्याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही.

आता त्या चित्राविषयी.

माझे थोरले बंधू, दादा, हे शाळेत गणित शिकवीत. निवृत्तीनंतरही रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत चार-सहा मुले त्यांच्यापुढे बसलेली असत. २०२१ मध्ये त्यांना इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस असल्याचे निदान झाले. निदानानंतरच्या आयुष्याचे सरासरी आकडे आपणांस ठाऊक आहेत; ते मी घरात कोणालाच सांगितले नाहीत. दादांनी ते स्वतःच कोठून तरी वाचले आणि मला म्हणाले, "मध्यक तीन ते पाच वर्षे. पण मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याच्या पलीकडेही असतात, हे तुम्ही डॉक्टर लोक रुग्णांना समजावून सांगत नाही." २०२२ च्या दिवाळीपर्यंत कॉन्सन्ट्रेटर घरी आला होता आणि नाकातली नळी दिवसाचे अनेक तास राहू लागली होती. त्याच दिवाळीत ते म्हणाले, "तू सगळ्या इंदूरचे घाट आणि छत्र्या रंगवल्यास. एकदा मला बसव."

अडचण उघड होती. तैलरंगाला त्याचा वेळ द्यावा लागतो आणि दादांपाशी वेळ किती, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ॲक्रिलिक रंग तासाभरात वाळतात. तैलरंगातही कोबाल्टचे शोषक थेंब टाकून वाळणे लवकर साधता येते. परंतु त्या थेंबांचा अतिरेक झाला की वरचे पटल आधी आवळते आणि थर सुरकुततो. ॲक्रिलिकचा विचार मी केला आणि सोडून दिला. म्हाताऱ्या त्वचेतील छटा एकमेकींत मिसळविण्यासाठी जो ओलावा दोन-तीन दिवस टिकावा लागतो, तो त्यात मला कधी साधलेला नाही.

मग एक मधला मार्ग धरला. मातीरंगांपैकी अंबर या तपकिरी रंगात निसर्गतःच मँगनीज असते, आणि मँगनीज तेलाला लवकर वाळविते. याउलट आयव्हरी ब्लॅक किंवा ॲलिझरिन आठवडाभर ओले राहू शकतात. तेव्हा खालचे सारे थर अंबरचे आणि पातळ ठेवावयाचे, आळशी रंग अगदी वरच्या थरांपर्यंत राखून ठेवावयाचे, आणि जाड रंग कोठेच लावावयाचा नाही, असे ठरविले. औषध देऊन घाई करण्यापेक्षा रंगांचा क्रमच असा लावावयाचा की वाट पाहण्याचे दिवस कमी पडावेत.

दुसरी अडचण मला माझ्या व्यवसायाने दाखविली. जेथे प्राणवायू वाहतो तेथे तेल आणि टर्पेंटाइन नेऊ नये. तेलाने भिजलेल्या चिंध्या घडी करून टाकल्या तर वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने त्या आपोआप पेटू शकतात, ही गोष्ट घरी चित्रे काढणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. शिवाय टर्पेंटाइनची वाफ त्या फुफ्फुसांना कशी मानवणार? म्हणून दादांच्या खोलीत मी फक्त पेन्सिल, वही आणि जलरंगांची लहान पेटी नेत असे. समोर बसवून रेखाटने करावयाची, गालाची, कपाळाची, ओठांची छटा जलरंगाने वहीत टिपावयाची, आणि मग गच्चीवरच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी कॅनव्हासवर काम करावयाचे. छायाचित्र घेऊन त्यावरून काढावे, असे पुष्कळांनी सुचविले. मला ते पटत नाही. छायाचित्रात सावल्या काळ्या होऊन मिटतात. समोरच्या माणसाच्या सावलीत मात्र निळा, हिरवा, मातकट असे चार रंग दिसतात.

चोवीस बाय तीस इंचांचा सुती कॅनव्हास फ्रेमवर ताणला. उघड्या कापडावर तेल पडले तर धागा कालांतराने कुजतो, म्हणून त्यावर गेसोचे तीन हात दिले आणि प्रत्येक हात वाळल्यावर घासला. त्यावर पातळ केलेल्या अंबरची एक झिलई फिरविली. पांढऱ्याशुभ्र पृष्ठभागावर प्रत्येक रंग आहे त्याहून गडद भासतो. मधल्या छटेवर काम केले की उजेड आणि अंधार दोहोंकडे जाता येते. कोळशाने रेखाटन केले. डिसेंबरमध्ये अंबर आणि टर्पेंटाइन एवढ्यावरच सबंध चेहरा उभा केला. या अवस्थेतले चित्र जुन्या फोटोसारखे दिसते आणि पुष्कळदा तेच पुरे वाटते. ते वाळल्यावर खाली नेऊन दाराशी उभे राहून दाखविले. दादा म्हणाले, "हा मी चाळीस वर्षांपूर्वीचा. केस तेवढे काढ."

जानेवारीत करड्या आणि किंचित हिरवट छटांचा थर दिला. यास मृत रंग म्हणण्याची पद्धत पाश्चात्त्य चित्रशाळांत होती. त्यावर पुढे तांबूस, पिवळसर पातळ थर आले की खालची करडी झाक आरपार दिसते आणि त्वचेला त्वचेपण येते. पांढरा म्हणून मी टायटॅनियम वापरतो. पूर्वी शिशाचा सफेदा वापरीत. तो लवचीक आणि सुंदर, परंतु विषारी. चित्रकारांच्या अशा दुखण्यांविषयी इटलीच्या रामाझिनीने व्यवसायजन्य रोगांवरच्या आपल्या ग्रंथात १७०० मध्येच लिहून ठेवले आहे. जस्ताचा पांढरा विषारी नसला, तरी वर्षानुवर्षांत ठिसूळ होऊन थर सुटतात, म्हणून तोही मी टाळतो.

या थरावर काम करताना माझा जुना अनुभव कामास आला, हे नमूद केले पाहिजे. शिकाऊ डॉक्टर म्हणून एम. वाय. हॉस्पिटलात उभा राहिलो तेव्हा पल्स ऑक्सिमीटर हाती आलेला नव्हता. रुग्णाचे ओठ, नखे, कानाची पाळी, जखमेतले रक्त यांच्या रंगावर डोळा ठेवूनच सारे चालत असे. गुलाबी आणि गुलाबी यांत किती अंतर असते, हे मला चित्रशिक्षकांच्या आधी भूलशास्त्राने शिकविले. दादांच्या ओठांचा रंग वहीत टिपताना मी कोबाल्ट निळ्याचा किती अंश घेतला, तो दर आठवड्याच्या नोंदीत लिहिलेला आहे. मार्चच्या नोंदीत तो नोव्हेंबरपेक्षा अधिक आहे. चित्रात मी नोव्हेंबरचाच रंग ठेवला.

हात रंगविणे हे सर्वांत कठीण. दादांची बोटे टोकाशी फुगीर झाली होती, नखे गोलसर उचललेली. चित्रकलेतला कोणी ते पाहील तर रेखाटन कच्चे आहे असे म्हणेल. आपल्यापैकी कोणी पाहील तर हॉलच्या दुसऱ्या टोकावरून निदान सांगेल. मी ती बोटे होती तशी रंगविली आणि त्यांत खडूचा तुकडा दिला.

मध्ये सहा आठवडे चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले. ही युक्ती माझी नव्हे. व्हेनिसचा टिशियन खालचे थर देऊन झाले की कॅनव्हास भिंतीकडे फिरवून महिनोन् महिने तसाच ठेवी, आणि पुन्हा काढल्यावर शत्रूकडे पाहावे तसा त्याच्याकडे दोष शोधीत पाही, असे त्याचा अनुयायी पाल्मा सांगे. ही आठवण बोस्किनीने १६७४ मध्ये छापली. दोष सापडला की टिशियन शल्यचिकित्सकासारखे काम करी. कोठे वाढलेले मांस छाटी, कोठे हात सरळ करी, रुग्णाला होणाऱ्या वेदनांची पर्वा न करता. आमच्या शल्यचिकित्सक मित्रांनी ही तुलना प्रशंसा म्हणून घ्यावी की तक्रार म्हणून, ते त्यांनी ठरवावे. भिंतीकडे तोंड करण्याचा एक तोटाही आहे : जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते. उपाय सोपा आहे, पुन्हा उजेडात ठेवावयाचे. रूबेन्सने १६२९ मधल्या एका पत्रात असेच पिवळे पडलेले आपले चित्र मधून मधून उन्हात ठेवण्यास सांगितले होते. आपल्याकडच्या एप्रिलातल्या उन्हात नव्हे, एवढे मी माझ्या पदरचे जोडतो.

या साऱ्या महिन्यांत मी सकाळी खाली गेलो की दादा विचारीत, "आज काय वाळले?" मी सांगे, कपाळ वाळले, डावा गाल वाळला, सदरा अजून चिकटतो. ते मान हलवीत. उन्हाळ्यात थर भराभर वाळले आणि चित्र पुष्कळ पुढे गेले. पावसाळ्यात हवा दमट झाली, कॅनव्हास सैल पडला, फ्रेमच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकाव्या लागल्या, आणि गालावरच्या तेलकट झिलया दोन-दोन आठवडे ओल्या राहू लागल्या.

एवढ्या अवधीत एक गोष्ट ठरावयाची राहिली होती. नळी रंगवावयाची की नाही?

वहिनींचे मत पहिल्या दिवसापासून ठाम होते. "भाऊजी, नळी घालू नका. नातवंडांना हे आजारीच दिसायला नकोत." दादांनी ते ऐकले आणि म्हणाले, "गणितात जे 'दिले आहे' असते, ते आपल्याला खोडता येत नाही. चष्मा काढणार आहेस का माझा?" मी दोघांनाही होकार दिला, आणि त्यात लबाडी नव्हती. पारदर्शक वस्तू तैलरंगात नेहमी शेवटी रंगवितात. काचेचा पेला रंगवावयाचा तर आधी त्याच्या मागची भिंत पूर्ण करावी लागते. मग तिच्यावर दोन पुसट कडा आणि एक लखलखता ठिपका दिला की पेला दिसतो. नळीचेही तसेच. तिच्याखालचा गाल पुरा होऊन वाळल्यावाचून तिला हात लावणेच अशक्य होते. तोपर्यंत चित्र दोन्ही बाजूंना मोकळे होते.

आधी नळी रंगवून नंतर बुजविण्याचा मार्ग मला नको होता. तैलरंगाचे थर दशकानुदशके अधिक पारदर्शक होत जातात आणि खाली झाकलेल्या रेषा वर येऊ लागतात. जुन्या चित्रांत माणसाला तिसरा हात किंवा घोड्याला पाचवा पाय उगवतो, तो असा.

दादा ऑक्टोबर २०२३ मध्ये गेले. त्या दिवशी गालावरची शेवटची झिलई वाळलेली होती. ते मी त्यांना सांगू शकलो नाही. शेवटचे चार दिवस ते रुग्णालयात होते.

चित्र तसेच गच्चीवरच्या खोलीत राहिले. नळीवाचून ते पूर्ण होते. पाहणाऱ्या कोणालाही त्यात काही उणे आहे असे वाटले नसते. दादांचा शब्द माझ्यापाशी होता. पण आता चित्र ज्यांच्या भिंतीवर राहणार, त्या वहिनी होत्या. मी काहीच केले नाही. डिसेंबरमध्ये वहिनी स्वतःच जिना चढून वर आल्या आणि पुष्कळ वेळ चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कानामागे व्रण पडू नये म्हणून मी रोज रात्री उठून ती नळी सरळ करत असे. यात ती नाहीच." आणि खाली जाताना म्हणाल्या, "घाला."

जानेवारी २०२४ मधल्या एका सकाळी मी नळी रंगविली. पाऊण तासही लागला नाही. कानापासून गालावरून नाकपुडीपर्यंत, खालच्या कडेला अंबरची बारीक सावली, वरच्या कडेला गालाचाच रंग थोडा उजळून, आणि खिडकीचा उजेड जेथे पडे तेथे टायटॅनियमचे तीन ठिपके. त्यांपैकी नाकाजवळचा एक ठिपका पुसून काढला; दोनच पुरेत असे वाटले. त्यानंतर चित्राला कुंचला लावला नाही.

वार्निशसाठी वर्षभर थांबावे लागते. थर आतपर्यंत वाळण्यास पातळ चित्रालाही सहा महिने ते वर्ष लागते, आणि त्याआधी लावलेले वार्निश रंगात मुरून जाते. मग ते कधीच वेगळे काढता येत नाही. वार्निश काढता आले पाहिजे, हाच त्याचा मुख्य गुण. धूळ, उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ हे सारे त्याच्यावर बसते आणि तीस-चाळीस वर्षांनी जुने वार्निश पुसून नवे लावले की खालचे चित्र जसेच्या तसे मिळते. पूर्वी यासाठी डॅमर राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून वापरीत. ती पिवळी पडते आणि काळाबरोबर निघेनाशी होते. मी कृत्रिम राळेचे वार्निश वापरले. लावण्यापूर्वी टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजविलेला कापसाचा बोळा कडेच्या गडद भागावर हलकेच फिरवून पाहिला. त्यावर रंग आला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्र आडवे ठेवून, रुंद ब्रशने एक पातळ हात दिला. वाळून बसलेले, निस्तेज झालेले गडद रंग पुन्हा वर आले. काळ्या कोटाच्या घड्या वर्षभरानंतर पहिल्यांदा दिसल्या.

आता ते चित्र पडवीतून आत आल्यावर समोरच्या भिंतीवर आहे. फ्रेमच्या मागच्या लाकडी पट्टीवर मी एक कागद डकविला आहे. त्यावर तारखा आहेत, वापरलेल्या सर्व रंगांची नावे आहेत, आणि पुढेमागे जो कोणी हे चित्र स्वच्छ करील त्याच्यासाठी एक सूचना आहे : वार्निश साध्या मिनरल स्पिरिटने निघेल, त्याहून तीव्र द्रावक वापरू नये, गालावरची नळी ही सर्वांत वरच्या थरात असून अतिशय पातळ आहे, ती पुसली जाऊ देऊ नये.